ॲडमिरल ग्रेस हॉपर : तपासणीची शिस्त

आपल्या शाळेच्या अंकात चरित्रे बहुतेक रणांगणावरच्या वीरांची असतात, आणि ती असायलाच हवीत. यंदा मराठी पानासाठी मी एका वेगळ्या सैनिकाचे चरित्र निवडले आहे. अमेरिकेच्या नौदलातील रिअर ॲडमिरल ग्रेस हॉपर यांची बहुतेक सगळी सेवा संगणकाच्या खोलीत आणि कार्यालयात गेली. तरीही त्यांच्या नावाची एक युद्धनौका आज समुद्रावर आहे. कंपायलर आणि कोबोल या दोन कामांसाठी त्यांचे नाव संगणकाच्या पुस्तकांत येते. मला त्यांच्या तिसऱ्या कामाबद्दल लिहायचे आहे, कारण त्याची माहिती फार कमी जणांना असते. प्रोग्राम सांगितल्याप्रमाणे खरोखर चालतो की नाही, हे शिस्तीने तपासण्याचे ते काम होते.

हा विषय मला घरातूनच मिळाला. माझी आई पुण्यात हिंजवडीला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करते. लहानपणी मला वाटायचे की दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधणे हे काही फार मोठे काम नाही. मोठे काम प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे. हॉपर यांचे चरित्र वाचल्यावर मला आईच्या कामाचा अर्थ कळला.

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. त्यांचे पणजोबा अमेरिकेच्या नौदलात ॲडमिरल होते, त्यामुळे नौदलाच्या गोष्टी घरात होत्याच. सात वर्षांच्या ग्रेसला गजराचे घड्याळ आतून कसे चालते ते पाहायचे होते. तिने एक घड्याळ उघडले. ते पुन्हा जोडता येईना म्हणून दुसरे उघडले, आणि असे करत घरातली सात घड्याळे खोलून ठेवली. आईने मार दिला नाही. यापुढे एकच घड्याळ खोलायचे, एवढा नियम घातला.

सोळाव्या वर्षी ग्रेसने व्हॅसार कॉलेजात प्रवेशासाठी प्रयत्न केला. लॅटिनच्या परीक्षेत गुण कमी पडले आणि प्रवेश नाकारला गेला. वर्षभर तयारी करून तिने पुढच्या वर्षी तोच प्रवेश मिळवला. १९२८ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन ती पदवीधर झाली. १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी तिचा विवाह झाला. १९३४ मध्ये येल विद्यापीठाने तिला गणितातील डॉक्टरेट दिली. तेव्हा ती व्हॅसारमध्येच गणित शिकवत होती.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. हॉपर यांना नौदलात जायचे होते. अडचणी तीन होत्या. वय चौतिशीच्या पुढे गेले होते. वजन नौदलाच्या किमान मर्यादेपेक्षा पंधरा पौंड, म्हणजे जवळजवळ सात किलो कमी होते. शिवाय गणिताच्या प्राध्यापकाने आपल्या जागीच राहावे, असे सरकारचे मत होते. त्यांनी पिच्छा सोडला नाही. वजनाच्या अटीतून खास सवलत मिळवली, कॉलेजातून रजा घेतली आणि डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात, महिलांच्या तुकडीत दाखल झाल्या. प्रशिक्षणात बाकीच्या मुली त्यांच्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या. १९४४ मध्ये प्रशिक्षण संपले तेव्हा हॉपर आपल्या तुकडीत पहिल्या आल्या.

लेफ्टनंट हॉपर यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात, हॉवर्ड एकन यांच्या हाताखाली झाली. तिथे मार्क-१ नावाचा संगणक होता. एक्कावन्न फूट लांब, आठ फूट उंच, आणि आत फिरणारे दांडे, चाके आणि विजेचे रिले. सूचना कागदी पट्टीवर भोके पाडून द्याव्या लागत. युद्ध चालू होते, त्यामुळे यंत्र दिवसरात्र नौदलाची गणिते सोडवत असे. या यंत्राची पाचशेहून अधिक पानांची माहितीपुस्तिका मुख्यतः हॉपर यांनी लिहिली.

इथला एक प्रसंग जगभर प्रसिद्ध आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी पुढच्या मार्क-२ यंत्राच्या एका रिलेमध्ये पतंग अडकलेला सापडला. तंत्रज्ञांनी तो काढून नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला. ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पतंग हॉपर यांनी शोधला असे बऱ्याच ठिकाणी लिहिलेले असते, पण त्यांनी तो शोधला नव्हता. त्यांनी ती गोष्ट आयुष्यभर रंगवून सांगितली, म्हणून ती त्यांच्या नावावर जमा झाली. यंत्रातील दोषाला ‘बग’ म्हणण्याची पद्धतही त्याआधीची आहे.

त्या पानाचा फोटो नीट पाहिला तर पतंगापेक्षा महत्त्वाची गोष्ट दिसते. पानावर वेळ टाकून एकेक चाचणी लिहिलेली आहे. सकाळी अकराला कोसाइनची पट्टी चालवली. दुपारी ३.२५ ला बेरीज-यंत्रणेची चाचणी सुरू केली. ३.४५ ला पतंग मिळाला, आणि पॅनेल कोणते, रिले कितव्या क्रमांकाचा, हेही नोंदवले. म्हणजे वीस मिनिटे आधी एक चाचणी ठरवून सुरू झाली होती. सगळ्यांना पतंग आठवतो. त्याच्या वरची ओळ कोणी वाचत नाही.

युद्ध संपल्यावर हॉपर यांनी नौदलाच्या कायम सेवेत घेण्याची विनंती केली. वय जास्त म्हणून ती नाकारली गेली. त्या राखीव दलात राहिल्या आणि १९४९ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका संगणक कंपनीत गेल्या. तिथे युनिव्हॅक हा संगणक तयार होत होता. माणसाने सोप्या खुणांनी लिहिलेल्या सूचनांवरून यंत्राने स्वतःच आपला प्रोग्राम जुळवावा, ही त्यांची कल्पना होती. १९५२ मध्ये त्यांनी ए-० हा पहिल्या कंपायलरांपैकी एक तयार केला. कंपायलर म्हणजे एक प्रकारचा दुभाषी. माणसाची सूचना तो यंत्राच्या आकड्यांत उतरवतो. संगणक फक्त आकडेमोड करू शकतो, असे तेव्हा बहुतेकांना वाटत असल्यामुळे या कल्पनेवर विश्वास बसायला वेळ लागला. नंतर त्यांच्या गटाने इंग्रजी शब्दांत सूचना देता येतील अशी फ्लो-मॅटिक भाषा बनवली.

मे १९५९ मध्ये पेंटागॉनमध्ये एक बैठक झाली. प्रत्येक कंपनीचा संगणक वेगळा आणि त्याची भाषा वेगळी, त्यामुळे एका यंत्रासाठी लिहिलेले काम दुसऱ्यावर चालत नव्हते. सर्वांसाठी एकच भाषा असावी असे ठरले आणि त्यातून कोबोल जन्माला आली. ती समितीने बनवली. हॉपर सल्लागार होत्या आणि त्यांची फ्लो-मॅटिक हा तिचा मोठा आधार होता. डिसेंबर १९६० मध्ये जवळजवळ तोच कोबोल प्रोग्राम आरसीए आणि रेमिंग्टन रँड या दोन वेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवण्यात आला. एकच भाषा दोन यंत्रांना समजते, याचा पुरावा त्या दिवशी मिळाला.

पण दोन यंत्रांवर एक प्रोग्राम चालला, यावरून सगळ्या यंत्रांवर सगळे प्रोग्राम चालतील असे म्हणता येत नाही. पुढच्या काही वर्षांत बहुतेक कंपन्यांनी आपापले कोबोल कंपायलर बाजारात आणले. कोणी त्यात स्वतःच्या सोयी घातल्या, कोणी काही भाग गाळले. जाहिरातीत मात्र प्रत्येकाचे कोबोल कोबोलच होते. नौदलाकडे अनेक कंपन्यांचे संगणक होते, आणि पगारापासून सामानाच्या साठ्यापर्यंत सगळी कामे त्यांच्यावर होती. यंत्र बदलले की जुने प्रोग्राम अडत.

हॉपर १९६६ च्या अखेरीस साठाव्या वर्षी कमांडर म्हणून निवृत्त झाल्या होत्या. ऑगस्ट १९६७ मध्ये नौदलाने त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावले. काम होते नौदलाच्या प्रोग्रामिंग भाषांना एका शिस्तीत आणण्याचे. ते सहा महिने जवळजवळ एकोणीस वर्षे चालले.

१९६८ मध्ये कोबोलचे राष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले होते. म्हणजे खरे कोबोल कोणते, हे आता कागदावर होते. पण कंपनीचा कंपायलर त्या कागदाप्रमाणे वागतो का, हे कोण सांगणार? कंपनीला विचारले तर ती हो म्हणणारच. हॉपर यांच्या गटाने ते तपासणारे प्रोग्रामच कोबोलमध्ये लिहिले. कंपायलर कोणत्याही कंपनीचा असो, त्याने या प्रोग्रामांतून जायचे आणि निकाल छापून द्यायचा.

या कामाची मांडणी मला आईने समजावून दिली. तिच्या कामातले चार शब्द आहेत: टेस्ट प्लॅन, टेस्ट सूट, टेस्ट केस आणि टेस्ट रन. आपल्याला ते शनिवारच्या इन्स्पेक्शनवरून लगेच कळतील. काय तपासायचे, कोणी, कधी आणि कोणत्या नियमाने, हे इन्स्पेक्शनच्या आधीच ठरलेले असते. तो प्लॅन. युनिफॉर्म, बिछाना, लॉकर आणि डॉर्मची स्वच्छता हे त्याचे वेगवेगळे गट. प्रत्येक गट म्हणजे एक सूट. युनिफॉर्मच्या गटात बेल्टचे बक्कल चमकते का, बुटाची लेस आत आहे का, असे एकेक नेमके प्रश्न असतात, आणि त्यांचे अपेक्षित उत्तर ठरलेले असते. असा एकेक प्रश्न म्हणजे केस. आणि या शनिवारी, या डॉर्ममध्ये झालेली प्रत्यक्ष फेरी व रजिस्टरमधली तिची नोंद म्हणजे रन. पुढच्या शनिवारी केस त्याच असतात, रन नवा असतो. म्हणूनच मागच्या आठवड्यापेक्षा आपण सुधारलो की घसरलो, हे सांगता येते.

कोबोलच्या चाचण्या याच पद्धतीच्या होत्या. मानक हा पाया होता. मानकाचे जे विभाग होते, जसे मूळ सूचना, तक्ते, फायली, वर्गवारी, त्या विभागांप्रमाणे चाचण्यांचे गट होते. गटात अनेक प्रोग्राम आणि एका प्रोग्रामात अनेक छोट्या चाचण्या होत्या. एक चाचणी एकच गोष्ट विचारते. समजा गुणाकाराची सूचना आहे. दोन ठरलेले आकडे द्यायचे, उत्तर काय यायला हवे ते चाचणीतच आधी लिहून ठेवायचे, आणि आलेले उत्तर त्याच्याशी जुळवायचे.

या कामातून वाढत गेलेल्या चाचण्या पुढे अमेरिकेच्या मानक संस्थेकडे आल्या. त्यांतला कोबोल-८५ चा संच आजही उपलब्ध आहे आणि त्यात नऊ हजारांहून अधिक चाचण्या आहेत. त्याचा छापील निकाल मला फार आवडला. प्रत्येक चाचणीपुढे पास किंवा फेल लिहिलेले असते. फेल असेल तर यंत्राने काढलेले उत्तर आणि बरोबर उत्तर एकाखाली एक छापले जाते. शेवटी चार आकडे येतात: किती पास, किती फेल, किती वगळल्या आणि किती माणसाने डोळ्यांनी पाहायच्या. वगळलेल्या चाचण्या पासमध्ये मिळवून टाकत नाहीत. त्यांचा हिशोब वेगळा असतो. यंत्राला ठरवता येत नाही ते यंत्र माणसावर सोपवते आणि तसे स्पष्ट लिहिते.

नौदलात सुरू झालेले हे काम पुढे संपूर्ण सरकारचे झाले. सरकारला कोबोल कंपायलर विकायचा तर तो या चाचण्यांतून जाणे आवश्यक ठरले. हॉपर यांनी कंपन्यांशी भांडण केले नाही. सगळ्यांसाठी एकच चाचणी ठेवली आणि निकाल कागदावर आणला. मोठ्या कंपनीला वेगळी चाचणी आणि लहान कंपनीला वेगळी, असे राहिले नाही.

आमच्या कॉम्प्युटर क्लबने यंदा आंतर-हाऊस स्पर्धांचे गुण मोजणारा छोटा प्रोग्राम तयार केला. तो तपासताना आम्ही हीच पद्धत वापरली. कागदावर चार रकाने आखले: काय द्यायचे, काय करायचे, काय यायला हवे, काय आले. तिसरा रकाना प्रोग्राम चालवण्याआधी भरायचा, असा नियम केला, कारण नंतर भरला तर जे आले तेच बरोबर वाटू लागते. ज्याने तो भाग लिहिला त्याने तो तपासायचा नाही, हा दुसरा नियम. साध्या केस सगळ्या पास झाल्या. दोन हाऊसना सारखे गुण दिले, तेव्हा प्रोग्रामने दोघांना वेगवेगळे क्रमांक दिले. तो दोष बक्षीस समारंभात सगळ्यांसमोर निघण्याऐवजी क्लबच्या खोलीत निघाला. प्रोग्राम दुरुस्त केल्यावर फक्त ती एक केस पाहून आम्ही थांबलो नाही. सगळा संच पुन्हा चालवला, कारण एक जागा दुरुस्त करताना दुसरी बिघडू शकते. आई म्हणते की कंपन्यांतही घाईत नेमके हेच राहून जाते.

हॉपर १९७३ मध्ये कॅप्टन झाल्या, १९८३ मध्ये कमोडोर आणि १९८५ मध्ये त्या पदाचे नाव बदलल्यावर रिअर ॲडमिरल. त्यांच्या कार्यालयातले भिंतीवरचे घड्याळ उलटे फिरत असे. नेहमी असेच करतो म्हणून असेच करायचे, ही सवय त्यांना आवडत नव्हती. व्याख्यानाला जाताना त्या सुमारे एक फूट लांबीच्या तारा घेऊन जात आणि श्रोत्यांना वाटत. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीज फार तर तेवढेच अंतर जाते, हे त्या तारेवरून दाखवत. १४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टन बंदरात, यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या जुन्या शिडाच्या युद्धनौकेवर त्यांचा निरोप समारंभ झाला. तेव्हा त्या एकोणऐंशी वर्षांच्या होत्या आणि नौदलाच्या सेवेतील सर्वांत वयस्कर अधिकारी होत्या. त्यानंतरही त्या एका संगणक कंपनीच्या सल्लागार म्हणून काम करत राहिल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने त्यांना निरोप देण्यात आला. १९९७ मध्ये यूएसएस हॉपर ही विनाशिका नौदलात दाखल झाली.

मित्रांनो, आपल्या शाळेत मुलींना प्रवेश मिळू लागल्याला फार वर्षे झालेली नाहीत. आम्हा मुलींना आणि तुम्हा मुलांनाही पुढच्या दोन-तीन वर्षांत लेखी परीक्षा, एसएसबी आणि वैद्यकीय तपासणी यांतून जायचे आहे. आमच्या ओळखीचे एक सिनिअर सगळे पार करून वैद्यकीय तपासणीत अडकले. त्या सुट्टीत ते कोणाशी बोलत नव्हते. आपण पूर्ण नापास झालो असे त्यांना वाटत होते, आणि आमच्यापैकी अनेकांना त्या दिवसाची भीती आहे. म्हणून मला हे चरित्र लिहावेसे वाटले.

हॉपर यांना लॅटिनने अडवले, वजनाने अडवले आणि वयाने दोनदा अडवले. यातला कोणताही नियम त्यांनी मूर्खपणाचा ठरवला नाही. लॅटिनची परीक्षा त्यांनी पुन्हा दिली. वजनासाठी नियमातच असलेली सवलत मागितली. कायम सेवा मिळाली नाही तेव्हा राखीव दलात राहून काम चालू ठेवले. पुढे त्यांनी स्वतः ज्या चाचण्या उभ्या केल्या, त्यांत एक चाचणी फेल झाली म्हणून सगळा कंपायलर टाकून देत नसत. कोणती चाचणी फेल, काय यायला हवे होते आणि काय आले, एवढे लिहून निकाल परत देत. कंपनी तेवढा भाग दुरुस्त करून पुन्हा येऊ शकत होती.

आपल्या निकालाचा कागदही असाच वाचता येईल. तपासणी कडकच असली पाहिजे, कारण उद्या आपल्या हाती माणसांचे प्राण असणार आहेत. पण फेल शब्द दिसला की कागद मिटून ठेवू नये. कोणत्या ओळीपुढे तो लिहिला आहे ते पाहावे, बाकीच्या ओळींपुढे काय लिहिले आहे तेही पाहावे, आणि पुढच्या फेरीची तयारी त्या एका ओळीपासून सुरू करावी. आमचे ते सिनिअर आता उपचार घेऊन पुन्हा तयारीला लागले आहेत. त्यांना माझ्या शुभेच्छा.

जय हिंद!